कार्यान्वयी फाइलरचना, संगणकीय

संगणकाच्या प्रक्रियकाला थेट पार पाडता येतील अशा यांत्रिक आज्ञा, त्यांना लागणारी आधारसामग्री आणि या दोहोंची स्मृतीत मांडणी कशी करावयाची यासंबंधीची माहिती ज्या फाइलमध्ये एकत्र ठेवलेली असते, तिला कार्यान्वयी फाइल असे म्हणतात. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचे यांत्रिक आज्ञांत रूपांतर करण्याचे काम संकलक करतो. त्याने तयार केलेल्या, पण अद्याप स्वतंत्रपणे चालू न शकणाऱ्या फाइलीला ऑब्जेक्ट फाइल म्हणतात. अशा अनेक फाइली सांधून त्यांतून एक कार्यान्वयी फाइल बनविणारी आज्ञावली म्हणजे लिंकर आणि ती फाइल स्मृतीत आणून सुरू करून देणारी आज्ञावली म्हणजे लोडर होय. संकलक, लिंकर व लोडर ही तीन साधने पुष्कळदा वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळी रचलेली असतात. त्यांना एकमेकांचे म्हणणे समजावे म्हणून फाइलीतील प्रत्येक बाइटाचा अर्थ आधी ठरवून ठेवलेला असतो. हा ठराव म्हणजेच फाइलरचना.

या फाइलीत आज्ञा असतात त्याचप्रमाणे त्या आज्ञांमध्ये कोठे व कोणता बदल करावयाचा याचे टिपणही असते. आज्ञेतील पत्ता कोणी व केव्हा ठरवावयाचा, हा प्रश्न फाइलरचनांच्या इतिहासाच्या मुळाशी आहे. प्रथम हे काम आज्ञावलीकार स्वतः करीत असे. पुढे ते लिंकरकडे, नंतर लोडरकडे आणि अखेरीस आज्ञावली प्रत्यक्ष चालू असतानाच्या क्षणापर्यंत लांबणीवर गेले. प्रत्येक टप्प्यावर सोय वाढली, फाइलीत नोंदवावयाची माहिती वाढली आणि त्या माहितीवर विश्वास ठेवण्यातील जोखीमही वाढली.

पत्त्याचा प्रश्न : संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक जागेला क्रमांक असतो, त्यालाच पत्ता म्हणतात. समजा, एका उपआज्ञावलीत वीस आज्ञा असून अठराव्या आज्ञेचा आशय ‘आरंभापासून पाचव्या जागेवरील आज्ञेकडे परत जा’ असा आहे. ही उपआज्ञावली १०० या पत्त्यापासून ठेवली, तर त्या आज्ञेत १०५ हा पत्ता असावा लागतो; ४०० पासून ठेवली, तर ४०५. त्याच उपआज्ञावलीत पाचाने गुणावयाचे असल्यास तेथील पाच हा आकडा मात्र कोणत्याही परिस्थितीत बदलता कामा नये. द्विमान पद्धतीने लिहिलेला पत्ता आणि साधी संख्या यांच्या रूपात काहीच फरक नसल्यामुळे नुसत्या आज्ञा पाहून कोणता आकडा बदलावयाचा हे यंत्राला ओळखता येत नाही. म्हणून बदलावयाच्या जागांची वेगळी यादी आज्ञांबरोबर द्यावी लागते. पत्ते असे दुरुस्त करण्याच्या क्रियेला पुनःस्थापन म्हणतात. आजच्या गुंतागुंतीच्या फाइलरचनांमागील मूळ गरज एवढीच आहे.

प्रारंभीचा काल : केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकावर ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालविण्यात आली. तिच्या भारणासाठी डेव्हिड व्हीलर यांनी ३१ आज्ञांचा एक संच रचला होता. दूरध्वनी केंद्रात वापरल्या जाणाऱ्या फिरत्या स्विचांवर तो कायमचा जुळवून ठेवलेला असे. बटण दाबताच या आज्ञा स्मृतीत उतरत आणि कागदी फितीवरील छिद्रांच्या रूपातील आज्ञावली वाचून तिच्यातील दशमान पत्त्यांचे द्विमान रूपांतर करीत. त्याच वर्षी व्हीलर यांनी केलेल्या सुधारित संचात ४१ आज्ञा होत्या. फितीवरील प्रत्येक आज्ञेच्या शेवटी एक संकेताक्षर लिहावयाचे आणि त्यावरून आज्ञेतील पत्त्यात उपआज्ञावलीचा आरंभपत्ता मिळवावयाचा की नाही हे यंत्राने ठरवावयाचे, अशी योजना तीत होती. पुनःस्थापनाची माहिती आज्ञेबरोबरच नोंदविण्याचे हे एक अगदी प्रारंभीचे उदाहरण होय. त्यामुळे उपआज्ञावलींचा संग्रह करून ठेवणे आणि त्यातील हवी ती फीत निवडून हव्या त्या जागी बसविणे शक्य झाले. मॉरिस विल्क्स, व्हीलर व स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या पद्धतीचे सविस्तर विवेचन आहे.

अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी युनिव्हॅक संगणकासाठी १९५२ च्या सुमारास तयार केलेल्या ए-० या आज्ञावलीला संकलक असे नाव असले, तरी चुंबकीय फितीवरील उपआज्ञावली क्रमांकाने शोधून त्या एकत्र सांधणे हे तिचे मुख्य काम आजच्या लिंकर-लोडरशी अधिक जुळते. १९५८ मध्ये आलेल्या फोरट्रॅन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत उपआज्ञावलींचे स्वतंत्रपणे संकलन करण्याची सोय झाली. मोठ्या आज्ञावलीत एक दुरुस्ती करण्यासाठी संपूर्ण आज्ञावलीचे पुन्हा संकलन करण्याची आवश्यकता त्यामुळे उरली नाही. मात्र स्वतंत्रपणे संकलित केलेल्या भागांना एकमेकांचे पत्ते ठाऊक नसत. ते भाग परस्परांचा उल्लेख नावाने करू लागले आणि नाव व पत्ता यांची सांगड घालणारी चिन्हसूची ऑब्जेक्ट फाइलीचा अविभाज्य भाग बनली.

मोठ्या संगणकांतील रचना : आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या संगणकमालिकेच्या परिचालन प्रणालीत ऑब्जेक्ट फाइल म्हणजे ८० स्तंभांच्या छिद्रित पत्रांची चळत अशी कल्पना होती. फाइल चकतीवर ठेवली तरी तिची मांडणी पत्रांप्रमाणेच असे. पत्रांचे मुख्य प्रकार चार होते : बाहेरच्या नावांची सूची देणारी, प्रत्यक्ष आज्ञा व आधारसामग्री वाहून नेणारी, पुनःस्थापनाच्या जागा सांगणारी आणि समाप्तिदर्शक. आज्ञांच्या प्रत्येक पत्रावर जास्तीत जास्त ५६ बाइट मावत आणि नावाची मर्यादा आठ अक्षरांची असे. आज्ञा, नावे आणि पुनःस्थापनाची यादी ही त्रिविध विभागणी येथे स्पष्ट झाली असून पुढील बहुतेक रचनांत ती टिकून राहिली. या प्रणालीत आज्ञावली एकदा स्मृतीत उतरली आणि तिच्यातील पत्ते दुरुस्त झाले, की चालू असताना तिची जागा बदलणे दुरापास्त होते.

याच दशकात मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, जनरल इलेक्ट्रिक व बेल प्रयोगशाळा यांनी हाती घेतलेल्या मल्टिक्स प्रकल्पात निराळी दिशा स्वीकारण्यात आली. तीत बाहेरच्या उपआज्ञावलीचा पत्ता आधी भरलेलाच नसे. तिला प्रथम हाक घालताच यंत्रात मुद्दाम अडथळा निर्माण होई, परिचालन प्रणाली त्या नावाची उपआज्ञावली शोधून पत्ता भरी आणि काम पुढे चालू होई. सांधणीचा क्षण अशा प्रकारे वापराच्या क्षणापर्यंत पुढे नेण्यात आला. ही कल्पना त्या काळच्या यंत्रांना खर्चिक ठरली. तथापि वीस वर्षांनी ती निराळ्या रूपात सर्वत्र रुळली.

युनिक्स व ए.आउट : बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन व डेनिस रिची यांनी विकसित केलेल्या युनिक्स प्रणालीची फाइलरचना याउलट अतिशय साधी होती. तिचे ए.आउट हे नाव ‘असेंब्लरचे उत्पादन’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून पडले. १९७० च्या दशकात पीडीपी-११ या संगणकावर रूढ झालेल्या रूपात फाइलीच्या आरंभी आठ शब्दांचा, म्हणजे १६ बाइटांचा शीर्षभाग असे. त्यात ओळखक्रमांक, आज्ञांचा आकार, आधारसामग्रीचा आकार, शून्याने भरावयाच्या जागेचा आकार, चिन्हसूचीचा आकार, आरंभपत्ता इ. नोंदी असत.

यांतील ओळखक्रमांक अष्टमान पद्धतीने ०४०७ असा होता. पीडीपी-११ च्या यंत्रभाषेत हीच संख्या ‘पुढील सात शब्द ओलांडून जा’ अशी आज्ञा होते. प्रारंभी फाइल शीर्षभागासकट स्मृतीत उतरविली जात असे. प्रक्रियकाने पहिल्या शब्दापासून सुरुवात केली, की तो शीर्षभाग आपोआप ओलांडून खऱ्या आज्ञांपाशी पोहोचे. पुढे शीर्षभाग स्मृतीत आणण्याची प्रथा बंद झाली, परंतु तो आकडा फाइल ओळखण्याची खूण म्हणून राहिला. आज्ञांचा भाग अनेकांनी सामायिक वापरावा अशा फाइलीसाठी ०४१० आणि जरुरीप्रमाणे पानापानाने स्मृतीत आणावयाच्या फाइलीसाठी ०४१३ असे क्रमांक नंतर आले.

शून्याने भरावयाच्या जागेला बीएसएस म्हणतात. हे नाव १९५० नंतरच्या दशकात आयबीएम ७०४ संगणकासाठी युनायटेड एअरक्राफ्ट कंपनीत तयार झालेल्या असेंब्लरमधील एका सूचनेपासून चालत आले आहे. आज्ञावलीला प्रत्येकी चार बाइटांच्या दहा हजार संख्यांची कोरी सारणी हवी असल्यास ४०,००० शून्ये फाइलीत साठविण्याचे कारण नसते. ‘एवढी जागा कोरी ठेवा’ असा एक आकडा पुरतो. चकती व स्मृती दोन्ही महाग असताना झालेली ही बचत आजही प्रत्येक प्रमुख रचनेत आढळते.

ए.आउट रचनेत भागांची संख्या ठरलेली होती, हा तिचा मोठा दोष होय. एटी अँड टी कंपनीच्या युनिक्स सिस्टिम फाइव्ह या १९८३ मधील आवृत्तीबरोबर आलेल्या कॉफ रचनेत ही मर्यादा दूर झाली. तीत हवे तितके विभाग, प्रत्येकाला नाव आणि मूळ आज्ञावलीतील ओळींचे क्रमांक यांची सोय होती. परंतु अनेक आज्ञावलींत सामायिक असणाऱ्या लायब्ररीचा विचार तीत मुळापासून झालेला नव्हता.

सामायिक लायब्ररी व ईएलएफ : छपाई, गणित, चित्रांकन यांसारख्या नेहमी लागणाऱ्या उपआज्ञावली प्रत्येक कार्यान्वयी फाइलीत वेगळ्या भरल्या, तर चकती व स्मृती दोन्ही वाया जातात, शिवाय त्यांत दोष आढळल्यास प्रत्येक फाइल नव्याने सांधावी लागते. त्यामुळे एकच प्रत सर्वांनी वापरण्याची पद्धत हवी होती. सिस्टिम फाइव्हच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक लायब्ररीला एक कायमचा पत्ता नेमून देण्याचा मार्ग योजला होता. लिनक्स प्रणालीनेही ए.आउट वापरीत असताना हाच मार्ग पत्करला. अशा योजनेत दोन लायब्रऱ्यांच्या जागा एकमेकींवर येऊ नयेत म्हणून पत्त्यांची नोंदवही कोणीतरी मध्यवर्ती ठिकाणी सांभाळावी लागते. लायब्ररी नेमलेल्या जागेत न मावल्यास सारी मांडणी विसकटते.

सन कंपनीने १९८८ मध्ये सनओएस ४.० बरोबर आणलेल्या पद्धतीत लायब्ररीतील आज्ञा कोणत्याही पत्त्यावर तशाच चालतील अशा लिहिल्या जात. बदलणारे सर्व पत्ते आज्ञांतून काढून एका सारणीत ठेवले जात. ही सारणी प्रत्येक चालू आज्ञावलीसाठी वेगळी असे. आज्ञांना हात लागत नसल्याने त्यांची एकच प्रत स्मृतीत ठेवून ती सर्वांना वापरता येई. याच विचारावर आधारलेली ईएलएफ, म्हणजे ‘कार्यान्वयन व जोडणी यांसाठीची रचना’, युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह चौथ्या आवृत्तीसाठी तयार झाली. अनेक कंपन्यांच्या एका समितीने १९९५ मध्ये तिच्या तपशिलाची १.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. लिनक्सच्या वापरकर्त्यांनी १९९५ च्या सुमारास ए.आउट सोडून ईएलएफ स्वीकारली. आज अँड्रॉइड दूरध्वनींपासून महासंगणकांपर्यंत ती वापरात आहे.

ईएलएफ फाइलीचा पहिला बाइट १२७ या मूल्याचा असून पुढील तीन बाइट इंग्रजी ई, एल व एफ या अक्षरांचे असतात. पाचव्या बाइटावरून फाइल ३२ बिटांच्या की ६४ बिटांच्या यंत्रासाठी आहे हे कळते. सहाव्यावरून बहुबाइट संख्येतील बाइटांचा क्रम कळतो. शीर्षभागाची लांबी अनुक्रमे ५२ व ६४ बाइट असते. या रचनेचे वैशिष्ट्य म्हणजे एकाच फाइलीची दोन कोष्टके. विभागांचे कोष्टक लिंकरसाठी असते व त्यात आज्ञा, स्थिरांक, चिन्हसूची, पुनःस्थापनाच्या याद्या इत्यादींची बारीक वर्गवारी दिलेली असते. खंडांचे कोष्टक लोडरसाठी असते. फाइलीचा कोणता पट्टा कोणत्या पत्त्यावर आणावयाचा आणि तेथे वाचन, लेखन व कार्यान्वयन यांपैकी कशाची मुभा द्यावयाची, एवढेच त्यात सांगितलेले असते. सांधणी पूर्ण झालेल्या फाइलीतून विभागांचे कोष्टक काढून टाकले तरी ती फाइल चालू शकते.

भारणाची क्रिया : लिनक्स प्रणालीत आज्ञावली सुरू करण्याची मागणी येताच परिचालन प्रणालीचा गाभा प्रथम फाइलीचे आरंभीचे बाइट तपासतो, यंत्राचा प्रकार जुळतो की नाही ते पाहतो आणि खंडांचे कोष्टक वाचतो. प्रत्येक खंड स्मृतीतील ठरावीक पत्त्यांशी निगडित केला जातो. पण त्यातील मजकूर लगेच वाचला जात नाही. प्रक्रियक एखाद्या पानापाशी पोहोचला, म्हणजेच ते पान चकतीवरून आणले जाते. अनेक यंत्रांवर पानाचा आकार ४,०९६ बाइट असतो. खंडाचा स्मृतीतील आकार फाइलीतील आकारापेक्षा मोठा असल्यास उरलेला भाग शून्याने भरला जातो; हीच बीएसएसची जागा होय.

सामायिक लायब्रऱ्या वापरणाऱ्या फाइलीत गतिमान लिंकरचे नाव नमूद केलेले असते. गाभा त्यालाही स्मृतीत आणतो व नियंत्रण प्रथम त्याच्याकडे सोपवितो. तो आवश्यक लायब्रऱ्यांची यादी वाचतो, त्या व त्यांना लागणाऱ्या आणखी लायब्रऱ्या निगडित करतो, पुनःस्थापनाच्या याद्यांप्रमाणे सारण्यांत पत्ते भरतो आणि मग मूळ आज्ञावलीच्या आरंभपत्त्याकडे वळतो. उपआज्ञावलींचे पत्ते भरण्याचे काम पहिल्या हाकेपर्यंत लांबविण्याचीही सोय असते. मल्टिक्समधील युक्ती येथे पुन्हा दिसते.

विंडोज व ॲपल यांच्या रचना : एमएस-डॉस प्रणालीतील कॉम प्रकारच्या फाइलीला शीर्षभागच नव्हता. ती २५६ या पत्त्यापासून जशीच्या तशी स्मृतीत उतरविली जाई व साधारण ६४ किलोबाइटांच्या एका खंडापुरती मर्यादित असे. त्याहून मोठ्या आज्ञावलींसाठी एक्सई ही पुनःस्थापनाच्या यादीसह रचना होती. तिच्या आरंभीची एम व झेड ही अक्षरे मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्याच्या नावाची आद्याक्षरे आहेत. १९९३ मधील विंडोज एनटी प्रणालीसाठी मायक्रोसॉफ्टने कॉफवर आधारलेली पीई ही रचना तयार केली. तिच्यातही आरंभी जुना एमझेड शीर्षभाग ठेवून ही आज्ञावली डॉसमध्ये चालणार नाही, असे सांगणारी एक छोटी डॉस आज्ञावली जोडण्यात आली. खऱ्या शीर्षभागाची जागा ६० या स्थानापासूनच्या चार बाइटांत दिलेली असते. पीई फाइलीत एक पसंतीचा पत्ता नोंदलेला असतो. तो उपलब्ध नसेल, तरच पुनःस्थापन केले जाते. बाहेरचे प्रत्येक नाव कोणत्या लायब्ररीतून घ्यावयाचे हेही तीत स्पष्ट असते. ईएलएफमध्ये सामान्यतः ते नाव निगडित लायब्रऱ्यांत क्रमाने शोधले जाते व प्रथम सापडेल ते स्वीकारले जाते.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील माक प्रकल्पातून आलेली माक-ओ रचना प्रथम नेक्स्ट कंपनीने व नंतर ॲपलने स्वीकारली. तिच्या शीर्षभागानंतर लोडरने क्रमाने पाळावयाच्या सूचना असतात. निरनिराळ्या प्रक्रियकांसाठीच्या आज्ञा एकाच फाइलीत शेजारी शेजारी ठेवण्याची सोय ॲपलने २००६ मध्ये इंटेल प्रक्रियकांकडे आणि २०२० पासून स्वतःच्या प्रक्रियकांकडे वळताना उपयोगात आणली.

सुरक्षितता : लोडर फाइलीतील नोंदी खऱ्या मानून चालतो. या विश्वासाचा गैरफायदा अनेकदा घेतला गेला आहे. पीई फाइलीतील विभाग ठरावीक अंतराच्या पटीत सुरू होत असल्याने त्यांच्यामध्ये मोकळ्या फटी राहतात. १९९८ मध्ये तैवानमध्ये निर्माण झालेल्या सीआयएच या संगणकीय विषाणूने स्वतःचे तुकडे करून ते या फटींत लपविले. त्यामुळे बाधित फाइलीचा आकार वाढत नसे. २६ एप्रिल १९९९ रोजी त्याने अनेक संगणकांवरील आधारसामग्री नष्ट केली.

ठरावीक पत्ता हीदेखील उणीव ठरली. उपआज्ञावली नेहमी एकाच जागी असेल, तर आज्ञावलीतील दोषाचा लाभ उठवून नियंत्रण तिच्याकडे वळविणे हल्लेखोराला सोपे जाते. म्हणून प्रत्येक वेळी खंड यादृच्छिक पत्त्यांवर ठेवण्याची पद्धत पुढे आली. पॅक्स प्रकल्पाने २००१ मध्ये लिनक्ससाठी तिची अंमलबजावणी केली आणि विंडोजमध्ये ती व्हिस्टा आवृत्तीपासून आली. जागेची सोय व्हावी म्हणून शोधलेले पुनःस्थापन येथे संरक्षणाचे साधन बनले.

सांधणीचा क्षण लांबविण्याची किंमत २०२४ मध्ये ठळकपणे दिसून आली. एक्सझेड या माहिती-संक्षेपणाच्या लायब्ररीत घुसविलेल्या छुप्या आज्ञा काही लिनक्स वितरणांत दूरस्थ प्रवेशाच्या आज्ञावलीबरोबर स्मृतीत येत होत्या. उपआज्ञावलीचे योग्य रूप भारणाच्या वेळी निवडण्यासाठी ईएलएफमध्ये असलेल्या सोयीचा उपयोग करून त्या इतरांच्या आधी चालत आणि प्रवेशाची पडताळणी करणाऱ्या उपआज्ञावलीची जागा बळकावीत. प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो हे लक्षात आल्यावरून अँड्रेस फ्रॉइंड यांनी केलेल्या शोधामुळे त्या वर्षीच्या मार्चअखेर हा प्रकार उघडकीस आला व तिचा मोठा प्रसार टळला.

सातत्य : फाइलरचना बदलणे फार अवघड असते, कारण संकलक, लिंकर, लोडर, दोषशोधनाची साधने आणि आधीच्या सर्व आज्ञावली तिच्यावर विसंबून असतात. डॉसच्या आज्ञावली न चालविणाऱ्या ६४ बिटी विंडोजमधील फाइलीही एम व झेड या अक्षरांनीच सुरू होतात. लिनक्सच्या गाभ्यातून ए.आउट रचनेचा आधार २०२२ मध्ये पूर्णपणे काढून टाकण्यात आला. ईएलएफ स्वीकारल्याला तोवर पाव शतक उलटून गेले होते. लोडर नाहीसा झाला, की त्या रचनेतील फाइल हा अर्थहीन बाइटांचा संच होतो. तिचा तपशील प्रसिद्ध असेल, तर मात्र नवा लोडर केव्हाही लिहिता येतो. ए.आउट, ईएलएफ व पीई यांची वर्णने खुली असल्यामुळे त्यांतील आज्ञावली पुढील पिढ्यांतील यंत्रांवर अनुकरणाने चालविणे शक्य राहिले आहे. म्हणून फाइलरचनेचे जाहीर व काटेकोर वर्णन हे संगणकीय वारशाच्या जतनाचेही एक आवश्यक साधन मानावे लागते.